निम्म्या विहिरीचा दावा

सून म्हणते, "आई, बाहेरच्यांना काही सांगताना जरा शुद्ध बोलत जा." बोलते बाई. गोष्ट कोर्टाची आहे, तेव्हा लुगडं चांगलं काढावं तसं बोलणंही चांगलं काढलंय. मधेच हाय-न्हाय झालं तर चालवून घ्या. जन्म सगळा पुण्याच्या कडेला, धायरीत गेलाय, सून आत्ता आलीये.

मी मैना. आमचं शेत होतं तिथं आता इमारती उभ्या आहेत, त्यातली एक आमची. वर सगळी आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. सकाळी गळ्यात पट्टे अडकवून जातात, रात्री तोंडं पाडून येतात. आमचा विक्रमही पट्टेवाला, त्याची बायको तनुजाही पट्टेवाली. घरात बिनपट्ट्याची दोनच माणसं, मी आणि मालक. मालक म्हणजे आमचे हे. आजकाल उखाणा कुणी मागत नाही म्हणून सरळच नाव घेते, मच्छिंद्र.

तर गणपती उठले आणि मालक खाटेवर पडले. पडले ते उठेचनात. ताप नाही, खोकला नाही, पोट साफ. भिंतीकडे तोंड करून निजायचं, ताट ठेवलं तर ताटाकडे बघायचं, मी ओरडले तर माझ्याकडे बघायचं, आणि पुन्हा भिंत. मी आधी म्हटलं, सोंग करतात. मग एका दुपारी खाट रिकामी दिसली. मी पळत गच्चीवर गेले. मालक कठड्याला टेकून उभे, खाली बघत. मी दंड धरला तेव्हा म्हणाले, "मैना, आता कशाला ऱ्हायचं गं?"

गच्चीला कुलूप घातलं आणि ह्यांना खाली आणून इतक्या शिव्या दिल्या, इतक्या शिव्या दिल्या, की वरची पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला पैसा नको, इमारत नको, मला हा माणूस जिता हवा होता. बाकी जगाचं काहीही होवो.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "उदासीनतेचा आजार आहे. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, आजूबाजूला माणसं लागतात." मी म्हटलं, "डॉक्टर, चार मजले माणसं हायेत. मोटारीचं पाणी पुरत नाही, एवढी माणसं हायेत." तो हसला आणि म्हणाला, "आमच्या ओळखीच्या संस्थेतली एक मुलगी घरी पाठवतो. ती बघेल, कुठली माणसं लागतात ते."

ती मुलगी म्हणजे रुपाली. वाशीमकडची, अंगानं काडी, स्कूटीवर यायची. आली की आधी चपला नीट लावायची, मग बोलायची. मला आवडली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे रांगोळी मागितली. मी म्हटलं, बाई, दिवाळी लांब आहे. तर तिनं खाटेशेजारी फरशीवर एकात एक असे तीन गोल काढले, मधोमध ह्यांची टोपी ठेवली, आणि वाटीभर शेंगदाणे ह्यांच्या पुढ्यात सरकवले.

"काका, ही टोपी म्हणजे तुम्ही. आता एकेका माणसाच्या नावानं एकेक शेंगदाणा ठेवायचा. ज्याच्यावाचून करमत नाही, तो आतल्या गोलात. बाकीचे बाहेर. घाई नाही."

मी पदर सावरून बसले. आपला शेंगदाणा पडताना बघावं, एवढी साधी हौस. मालक उठून बसले, हेच मोठं. बराच वेळ वाटीत बोट फिरवलं, एक टपोरा दाणा निवडला, अगदी टोपीला चिकटवून ठेवला आणि म्हणाले, "रतन्या."

दुसरा दाणा दुसऱ्या गोलात. "मैना."

मग मेलेला बैल, मग विक्रम, मग थेट झोप.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं ह्या माणसाच्या भाकऱ्या थापल्या, आणि मी दुसऱ्या गोलात? आणि टोपीला टेकून कोण, तर रतन? मी तो रतनचा शेंगदाणा उचलला आणि कडकन चावून खाल्ला.

"अहो काकू!" रुपाली किंचाळली. "ते काकांचं माणसांचं जाळं आहे, खायचं नाही ते!"

"खवट होता," मी म्हटलं.

आता हा रतन कोण ते सांगते, म्हणजे माझा राग तुम्हालाही येईल. रतन ह्यांचा चुलतभाऊ, दोन महिन्यांनी धाकटा. दोघांची शेतं शेजारी, मध्ये बांध. बांध ह्यानं कोरला का त्यानं कोरला, ह्यावर वीस-बावीस वर्षं शिवाजीनगरला केस चालली. जागा किती? हातभर. त्यात मेथीची जुडी आली नसती. पण तारखेचा दिवस उजाडला की मालक पहाटे अंघोळ करून, कडक टोपी घालून तयार. तिकडून रतनही तयार. तेव्हा गावातून बस मोजक्या, म्हणून दोघं एकाच बसला, एकाच बाकावर. उभ्यानं भांडताना तोल जातो म्हणे. स्वारगेट येईपर्यंत एकमेकांचे पूर्वज उद्धरायचे. पूर्वज दोघांचे एकच, हे एकाच्याही ध्यानात यायचं नाही. दुपारी कोर्टाच्या आवारात फडकं अंथरून माझ्या भाकऱ्या आणि रतनच्या बायकोचा, सुंदराबाईचा, ठेचा. तिला भाकरी येत नाही आणि माझा ठेचा ह्यांना मिळमिळीत लागतो. खाऊन झालं की पुन्हा भांडण, पुढची तारीख, आणि घरी.

मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागून बिल्डर आला. त्यानं दोघांचीही जमीन घेतली, आमचा घरापुरता तुकडा तेवढा मागे ठेवला. अट एकच, केस काढून घ्या. दोघांनी सह्या केल्या. बांध होता तिथं आता पोहायचा तलाव आहे, निळ्या फरशीचा. रतननं मांजरी गावात उसाचं रान घेतलं, बंगला बांधला आणि निघून गेला. जाताना भेटलाही नाही. भेटणार कशाला, भांडण मिटलं होतं.

हे सगळं मी रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, एवढं जवळचं माणूस तुटलंय. ते जोडायला पाहिजे." मलाही वाटलं, कागदावर मिटलं असेल, मनात राहिलं असेल. मी गावात बोलले. आणि गावात बोलले, ही माझी चूक झाली.

आमच्या गावाला कार्यक्रम हवा असतो. कशाचाही. "मच्छिंद्र-रतन मनोमीलन सोहळा" असं नाव पडलं, आमच्या पार्किंगमध्ये मांडव पडला, जिलबीचा घाणा लागला. गेटवर भला थोरला फ्लेक्स. वर लिहिलेलं, "दोन भाऊ, एक काळीज", आणि खाली शुभेच्छुक म्हणून अशा पोरांचे फोटो की ज्यांना मी आजपर्यंत गावात कधी कामाला हात लावताना पाहिलं नाही. मालकांना फेटा बांधला. रतन गॉगल लावून आला. पंचांनी दोघांना एकमेकांसमोर उभं केलं. टाळ्या. गळाभेट. पुन्हा टाळ्या.

"बरं हाय का?" रतननं विचारलं.

"हाय," मालक म्हणाले.

झालं. पुढं दोघांनाही बोलायला काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा दोघं गप्प उभे राहिलेले मी पाहिले. फोटोवाला म्हणाला, हसा, तर दोघं हसले, आणि ते हसू इतकं वाईट होतं की मला जिलबी गेली नाही. रतन मांजरीला गेला. मालक फेट्यासकट खाटेवर आडवे झाले आणि दुसऱ्या दिवशी चहालाही नको म्हणाले. विक्रम म्हणाला, "आई, आता ॲडमिट करावं लागेल." रुपालीचा चेहरा एवढासा झाला. ती म्हणाली, "डॉक्टरांनी महिनाभर बघू म्हटलंय. खाणं सुरू नाही झालं, तर दवाखान्यातच न्यायचं."

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मी आमटीला फोडणी देत होते, तर मागून आवाज आला.

"रतन्याचा फोटू माझ्यापेक्षा मोठा का?"

पळी हातातून पडली. मालक खिडकीशी उभे होते. स्वतःच्या पायांनी. बाहेर फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. त्यावर रतन गॉगलमध्ये, एवढा मोठा. आणि आमचे हे कोपऱ्यात, मतदान कार्डावरचे, घाबरलेले.

"अहो, रतनभावजींच्या जावयानं छापलाय," मी म्हटलं. "त्यांनी सासऱ्यांचा मोठा टाकला असंल."

"टेप आण."

"काय?"

"टेप! मोजायचाय!"

वर सुदर्शन म्हणून एक पोरगा राहतो, यवतमाळचा, गरीब स्वभावाचा. त्याला ऑफिसला जाता जाता अडवून शिडीवर चढवला. गळ्यातल्या पट्ट्यासकट त्यानं दोन्ही फोटो मोजले आणि वरून ओरडला, "काका, ते वीतभर मोठे आहेत!" मालकांनी खिडकीतून एक शिवी हासडली, ती इथं सांगत नाही, सून ऐकेल. मग चहा मागितला. मग अर्धी भाकरी. मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कॉर्पोरेशनची गाडी आली आणि बिनपरवानगीचा म्हणून फ्लेक्स काढून घेऊन गेली. मालकांनी रिकाम्या खांबाकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा भिंत.

पण माझ्या डोक्यात उजेड पडला होता. ह्या माणसाला माया नको होती. माया घरात उतू जात होती. ह्याला भांडण हवं होतं.

मग मी भांडण पुरवायला लागले. आमटीत मूठभर मीठ टाकलं. मालक निमूट प्याले. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूला, नावं ठेवली. ते म्हणाले, "खरंय तुझं." चाळीस वर्षांत मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं, एवढंच चालत आलेलं, माझ्याशी भांडायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नाही. मी सुदर्शनला खाली बोलावलं, म्हटलं, "काकांशी जरा भांड. काहीही काढ. पाण्याचं काढ." तो बिचारा खाटेपाशी उभा राहिला, घाम पुसला, म्हणाला, "काका, पाणी येत नाही." मालक म्हणाले, "बरं." तो म्हणाला, "नाही, म्हणजे, थोडं येतं," आणि वर पळाला. मुडदा बसवला ह्या पोरांचा! कंपनीत शिकवतात तरी काय?

तेव्हा मी रुपालीला म्हटलं, "काढ गाडी. मांजरीला जायचं."

मांजरी म्हणजे पुण्याचं दुसरं टोक. मी स्कूटीवर मागे, पदर दातात. रतनचा बंगला दिसला, गेटवर वॉचमन, पुढं हिरवळ. रतन ट्रॅकपँट घालून पाइपनं हिरवळीला पाणी मारत होता. हिरवळीत तळं साचलं होतं, तरी मारतच होता. सुंदराबाईनं मला आत ओढलं आणि डोळ्याला पदर लावला.

"आक्का, तुमचं माणूस निजून ऱ्हातंय, माझं हिंडून ऱ्हातंय. दिवसातून चार बाऱ्या वॉचमनशी भांडायला जात्यात. त्यो म्हनतो, 'जी साहेब.' की आले परत."

मी बाहेर आले. रतननं मान न वळवता विचारलं, "मच्छ्या कसाय?"

मला गोड बोलता येत नाही. "मरायला टेकलाय," मी म्हटलं.

रतनच्या हातातला पाइप सुटला आणि रुपाली गुडघ्यापर्यंत भिजली. "आसा कसा मरंल?" तो ओरडला. "मला इचारल्याबिगर?"

"मग या आणि वाचवा. भावजी, आमच्यावर केस करा."

"काकू," रुपाली ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "अशी काही उपचारपद्धत नाहीये बापा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं."

"आता हाय," मी म्हटलं.

रतन पायरीवर बसला. "वहिनी, करतो की. पन कशावर करू? बांध तर पवायच्या तळ्याखाली गेला." तो विचार करायला लागला. आंबा आठवला, तो कापला होता. वहिवाटीची वाट आठवली, तिचा डांबरी रस्ता झाला होता. माझा धीर सुटत चालला. एवढ्या जमिनीत भांडायला इंचभर जागा उरू नये, काय हे विकणं! आणि मग रतन एकदम उठला. डोळे लकाकले. मांजरीला गेल्यापासून त्याला एवढं ताठ उभं राहिलेलं सुंदराबाईनं पाहिलं नव्हतं म्हणे.

"हीर!"

आमच्या मागे ठेवलेल्या तुकड्यात आजेसासऱ्यांची विहीर होती, सामाईक. कागदावर निम्मी ह्यांची, निम्मी रतनची. कित्येक वर्षं कोरडी ठणठणीत. बिल्डिंग बांधताना मालकांनी ती मुरूम टाकून बुजवली आणि वर पार्किंग केलं. सातबारावर मात्र ती तशीच होती.

"माझं निम्मं पानी कुटं गेलं?" रतन गरजला.

"भावजी, पाणी नव्हतंच त्यात."

"मग नव्हतं त्यातलं निम्मं माझं हाय!"

सुंदराबाईनं आनंदानं साखर आणली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली.

नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. मी मुद्दाम पोस्टमनला आत खाटेपर्यंत आणलं. मालकांनी झोपल्या झोपल्या पाकीट फोडलं, लांब धरून वाचलं. मग उठून बसले. मग उभे राहिले. मानेवरची शीर ताठ झाली, कान लाल झाले.

"रतन्याऽऽ!"

हाक मांजरीला पोचली असेल. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मोबाइल पडला.

"माझी टोपी कुठंय? मैना, भाकरी टाक. उपाशीपोटी काय लढू त्याच्याशी?"

तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी तव्यापाशी बसून रडत होते आणि थापत होते. धूर डोळ्यांत गेला म्हटलं. गॅसला धूर कुठला, पण त्यांनी विचारलं नाही.

वकील केला बुधवार पेठेतला. रेडिओच्या दुकानांवरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस, जिना असा की चढेपर्यंत अशिलाचा निम्मा राग उतरावा. मालकांचा उतरला नाही. वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपण विहीर बुजवलीत?"

"बुजवली."

"पाणी होतं?"

"न्हाय."

"आणि ते पाणी मागतायत."

"व्हय."

"बसा. चहा मागवतो. पाणी मागवत नाही, उगाच विषय वाढेल."

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला सकाळी आमच्या स्टॉपवर बघते तर रतन उभा. आता मांजरीचा माणूस, त्यानं तिकडून सरळ कोर्टात जावं. तर हा पहाटे उठून, सगळं पुणं ओलांडून धायरीला आला होता, धायरीहून मालकांबरोबर बसनं परत पुण्यात जायला. मी विचारलं, "भावजी, उलटे कशाला आलात?" तर म्हणाला, "सवय हाय." बस आली. दोघं एका बाकावर बसले. बस हलायच्या आत पणजोबांपर्यंत पोचले होते.

मालक सुधारले. गोळ्या चालूच होत्या, डॉक्टर म्हणाला त्या सोडायच्या नाहीत, आणि आम्ही सोडल्या नाहीत. पण तारखेच्या आधी आठवडाभर ते मुद्दे घोकत फिरायचे. फिरता फिरता गिरणीवाला भेटायचा, न्हावी भेटायचा, सुदर्शन भेटायचा. सगळ्यांना केस समजावून सांगायची. चार मजली बिल्डिंगचे दोन गट पडले, एक ह्यांच्या बाजूचा, एक रतनच्या. रविवारी पार्किंगमध्ये वाद चालायचा, विहीर नेमकी कुठल्या गाडीखाली आहे यावर. रुपालीनं पुन्हा एकदा रांगोळीचे गोल काढले तेव्हा शेंगदाणे पुरले नाहीत, मला डाळ आणावी लागली. ती खूश. संस्थेत तिला विचारलं, हे कसं साधलंस? ती म्हणाली, "स्थानिक पद्धतीनं."

सगळं छान चाललं होतं, आणि वकिलांचा फोन आला.

"अभिनंदन. आपली केस लोकअदालतीत ठेवलीये. पाच मिनिटांचं काम. विहीर अस्तित्वात नाही, एवढं बोला. समोरचे कबूल करतील, समझोता लिहू, विषय संपला."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, जरा लांबवता येत नाही का?"

"बाई, तीस वर्षं वकिली केली. लांबवा म्हणणारा अशील मी आज पाहिला."

"पण केस संपली तर..." मी फोनच ठेवून दिला.

त्या दिवशी मीही गेले. रुपाली आली. सुंदराबाई ठेच्याचा डबा घेऊन आली, आणि तिचाही चेहरा पांढराफटक. मालक बसमध्ये गप्प होते. रतन गप्प होता. स्वारगेट आलं तरी एक शिवी नाही. मी देवाला म्हटलं, लोक तुला निकाल लाव म्हणून नवस बोलतात, मी लावू नको म्हणून बोलते, माझं तेवढं ऐक.

टेबलामागे एक वयस्क बाई होत्या, निवृत्त न्यायाधीश, आवाज मऊ. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही दोघं भाऊ. या वयात कशाला हेलपाटे? मिटवून टाकू या. मच्छिंद्रराव, तुम्ही सांगा. ती विहीर आज आहे का?"

वकिलांनी मालकांना कोपरानं ढोसलं. मालक उभे राहिले. टोपी नीट केली. रतनकडे पाहिलं. रतन खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी सुंदराबाईचा हात इतका आवळला की तिची बांगडी पिचली.

"हाय," मालक म्हणाले.

"काय आहे?"

"हीर हाय. पानीबी हाय, काठोकाठ. पन ह्याला त्यातला थेंब देनार न्हाय!"

वकिलांनी डोळे मिटून घेतले. रतन ताडकन उभा राहिला. "बघा! बघा बाई! मी काय म्हनत होतो? काठोकाठ हाय! आन् ह्यो एकटा पितोय!"

"व्हय, पितो! काय करशील?"

"तुला सोडनार न्हाय मी, मच्छ्या!"

"सोडू नको!"

बाईंनी दोघांना शांत केलं. शेवटचं म्हणून विचारलं, समझोता करायचा की नाही? आणि बांधाच्या पहिल्या कुरबुरीपासून कधी एका गोष्टीवर एकमत न झालेले ते दोघे एका सुरात म्हणाले, "न्हाय करायचा." बाईंनी कागद परत नेहमीच्या कोर्टात पाठवला. पुढची तारीख पडली. सुंदराबाई आणि मी तिथंच एकमेकींच्या गळ्यात पडलो. शिपाई म्हणाला, "जिंकलात वाटतं?"

संध्याकाळी स्वारगेटला रतनची हडपसरवरून मांजरीला जाणारी बस आधी लागली. तो चढला. मग बस सुटायच्या आत पुन्हा दारात आला आणि दांड्याला धरून खाली वाकला. गॉगल काढला होता.

"मच्छ्या, तारीख लांबची पडलीय. मधीच मरू नको हां. मी भांडू कुनाशी?"

मालकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"न्हाय मरत," हे म्हणाले. "जा तू."